तांबडीचा डावा पाय

वरसावे
रविवार, २१ ऑगस्ट २००५

चि. योगेंद्र यास,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता मनोरमाकडून लिहून घेतलाय. वहिनीचं पत्र तू फोडतोस, हे मला ठाऊक आहे. एवढी एक लबाडी केली. उरलेलं पत्र सरळ आहे.

आये बरी आहे. सव्वीस जुलैला आपल्या घरात कमरेएवढं पाणी होतं, ते मनोरमाने कृतिकाला फोनवर सांगितलंय, म्हणजे तुला कळलंच असेल. आये माळ्यावर बसून होती आणि खाली तरंगणारी भांडी मोजत होती. एक पातेलं घोडबंदर रोडच्या दिशेने गेलं, ते अजून आलेलं नाही. त्याचं दुःख तिला गाद्या भिजल्यापेक्षा जास्त झालंय.

तू गेल्यापासून रस्ता तीनदा उंच झाला. आता आपण उंबऱ्यातून बाहेर पडत नाही, चढतो. परसातून खाडीकडे जाणारा ओहळ होता ना, जिथे तू चिखलातले निवटी मासे पकडायचास, तो पलीकडच्या बिल्डिंगवाल्यांच्या भरणीने बुजलाय. पाण्याला जायला वाट नाही, म्हणून ते घरात येतं. पुढच्या पावसाळ्याच्या आत तो ओहळ पुन्हा खोदला पाहिजे, नाहीतर आयेला या घरातून हलवावं लागेल. आणि ती हलणार नाही, हे तुला सांगायला नको.

जेसीबीवाला येऊन बघून गेला. शेजारच्या दशरथच्या भिंतीजवळच्या बोळातून त्याचं मशीन आत येत नाही. तो गेल्यावर आये म्हणाली, "आपली तांबडी हाय ना. तिला काड भायेर."

 तांबडी आठ वर्षं चिंचेखाली उभी आहे. पुढचा लोडर जमिनीत रुतलाय, मागचा खोदायचा हात वेलीने झाकलाय. भंगारवाले कितीदा आले, आयेने एकालाही आत घेतलं नाही. बाबांनी जुना ट्रॅक्टर आणला आणि तू त्याला पुढे लोडर, मागे हात लावून दिलास, तेव्हा अख्खं वरसावे बघायला आलं होतं. तिच्या नळ्या कुठून कुठे जातात, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. म्हणून लिहितोय. चार दिवस ये. मशीन बघ, आयेला बघ, आणि वाटलं तर जा.

त्या दिवसाबद्दल मी तुला कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. मशीन हलू नये म्हणून मागचे दोन लोखंडी पाय जमिनीवर बसवायचे असतात. मी खाली उभा राहून 'बस' म्हणालो, म्हणजे थांब. इंजिनाच्या आवाजात तू 'बसव' ऐकलंस. डावा पाय खाली आला आणि त्याच्याखाली बाबा होते. कुणाच्याही हातून झालं असतं. हे मी तेव्हाही चारचौघांत सांगितलं होतं.

तुझा,
दादूस


वरसावे
रविवार, १६ ऑक्टोबर २००५

चि. योगेंद्र यास,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती असं म्हणणार होतो, पण रोज पोस्टमनच्या सायकलीकडे बघतो, तर तसं म्हणण्यात अर्थ नाही.

तांबडीचं काम सुरू केलं. मी प्राथमिक शाळेचा मास्तर, मला पान्याचा नंबर कळत नाही. म्हणून सिल्व्हर पार्कमधले राघो गाठले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेत. घरी बसून बायकोला मिक्सर खोलून दाखवत असतात, तीच म्हणाली, घेऊन जा यांना. पहिल्या दिवशी बॉनेट उघडून म्हणाले, "मास्तर, तुमच्यापेक्षा उंदरांनी हिला जास्त वापरलंय." आतून दोन घमेली भरून घरटी निघाली. आयेची हरवलेली चोळीसुद्धा मिळाली, तिच्यात पिल्लं वाढवली होती.

इंजिन जाम होतं. राघोंनी चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतून ठेवलं आणि म्हणाले, आता आठ दिवस हात लावायचा नाही. नवव्या दिवशी मोठा पाना लावून आम्ही दोघं लोंबकळलो, तेव्हा ते तीळभर सरकलं. राघोंनी बिडी पेटवली आणि म्हणाले, झालं. मला वाटलं अजून काहीच झालं नाही, पण त्यांना त्या तीळभरात सगळं दिसत होतं.

नळ्या सगळ्या चिरल्यात. एकेक नळी घेऊन केबिन रोडला जातो. तिथला गुजराती नळी हातात फिरवून विचारतो, "मास्टरजी, ये कौनसे जमाने की निकाली?" पण दोन्ही टोकांना लोखंडी तोंडं दाबून बसवून नवी करून देतो. प्रत्येक नळीवर तू तारेने पत्र्याचा बिल्ला बांधून ठेवला होतास, हे मला माहीत नव्हतं. 'बकेट', 'हात', 'उजवा पाय', 'डावा पाय'. मी तुला चौथीत शिकवलेलं अक्षर. 'डावा'चा 'ड' तू अजून तसाच गाठ मारल्यासारखा काढतोस.

ओहळाच्या काठाने खाडीकडे जायला ती रुंद होते. राघोंनी मागची चाकं काढून उलटी लावली, तर दोन्हीकडून वीतभर अंग चोरलं तिने. लोडरच्या बकेटच्या दोन्ही बाजू कापून पुन्हा वेल्डिंग केलं. आता ती आधीसारखी दिसत नाही. पण आये येऊन बॉनेटवरून हात फिरवून गेली आणि म्हणाली, "वालली जराशी." आजारातून उठलेल्या माणसाला बोलावं तसं.

एक गंमत सांगतो. शाळेत पोरं मला 'टेका मास्तर' म्हणतात. मी वर्गात कुणाला 'बस' म्हणत नाही, 'टेका' म्हणतो. घरी पाहुणा आला तरी 'टेका जरा' म्हणतो. आठ वर्षांत जिभेला सवय झाली. लोकांना वाटतं, मास्तर विनोदी आहे.

परवा कृतिका मनोरमाशी फोनवर बोलत होती. म्हणाली, तू नाशकात कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलास. एकदा नाही, तीनदा, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. तिघांनीही सांगितलं, कान उत्तम आहेत. तरी तू रोपवाटिकेत गिऱ्हाइकाकडून प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणवून घेतोस. मोगरा म्हटलं तरी, परत सांगा. मनोरमा फोन ठेवून बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी शाळेच्या वह्या घेऊन तपासायला बसलो.

थंडी पडेल आता तिकडे. स्वेटर घालत जा.

तुझा,
दादूस


वरसावे
रविवार, ११ डिसेंबर २००५

योगेंद्र,

तांबडी सुरू झाली. काळा धूर चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेला आणि दशरथच्या बायकोने वाळत घातलेले कपडे पटापट आत नेले. आये ओटीवर उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. आवाज ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "याहूनशी हलू वाजायची पयली."

तिचं खरं आहे. इंजिनाचा आवाज पूर्वी यापेक्षा हळू होता. आता सायलेन्सर सडलाय. हे वाक्य तू नीट वाच. मी ते लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

नंतर राघो म्हणाले, मागचा हात चालवून बघू, तुम्ही वर बसा, मी खालून सांगतो. मी पहिल्यांदा तुझ्या त्या मागच्या सीटवर बसलो. तिथून डावा पाय दिसत नाही. मला हे तेव्हा कळायला हवं होतं, पण मी नेहमी खाली उभा असायचो. वर बसलेल्याला खालच्या माणसाच्या शब्दाशिवाय दुसरं काही नसतं.

राघो जिथे उभे होते, तिथेच मी उभा असायचो, चिंचेच्या मुळापाशी. ते "बसव" म्हणाले, मी दांडी खाली केली. "बस" म्हणाले, मी सोडली. पुन्हा बसव. पुन्हा बस. असं दहाबारा वेळा झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एकदाही चुकलो नाही. मी मशीनवर कधी न बसलेला माणूस. सायलेन्सर फुटलेला. मी राघोंना म्हणालो, जरा हळू बोला. ते म्हणाले, "परीक्षा घेतोय काय मास्तर?" मी म्हटलं, बोला. ते अगदी घरात बोलतात तसं बोलले, आणि शेवटचा 'व' होता की नव्हता, मला प्रत्येक वेळी ऐकू आलं.

इंजिन बंद करून मी खाली उतरलो. राघोंना वाटलं चक्कर आली. मला पाणी दिलं.

आज इतकंच.

दादूस


वरसावे
रविवार, १९ फेब्रुवारी २००६

योगेंद्र,

दोन महिने काहीतरी करत राहिलो. मशीनला एक हॉर्न लावून घेतला. त्याचं बटण लांब वायरवर आहे, खाली उभ्या असणाऱ्याच्या हातात. एकदा वाजला की थांबायचं, दोनदा वाजला की पाय खाली. शब्दच नको. राघो म्हणाले, "एसटीतपण कंडक्टरची घंटी अशीच." मला वाटलं, एवढं केलं की पुरे. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडून देतो, ते बघ.

मी मुलांना फळ्यावर लिहून शिकवतो की एका अक्षराने अर्थ बदलतो. पद आणि पदर. आता तुला मी ते अक्षर सांगतो.

मी 'बसव' म्हणालो होतो.

त्या रविवारी जमीन मऊ होती म्हणून बाबा पायाखाली फळी ठेवत होते. नेहमीचंच. फळी ठेवून ते सरळ झाले, मी बघितलं. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रकवाल्याने हाक मारली, डबर कुठे टाकू म्हणून. मी त्याच्याकडे मान वळवली आणि मान वळवतानाच तुला म्हणालो, "डावा पाय बसव." बाबा पुन्हा वाकले होते. फळी जराशी वाकडी होती. त्यांना कुठलीच गोष्ट वाकडी खपत नसे, तुला माहीत आहे. तू जे ऐकलंस ते केलंस. मी जे बोललो ते तू ऐकलंस.

लोक धावत आले, तेव्हा कुणीतरी विचारलं, काय झालं. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "मी बस बोललो, त्याला बसव ऐकू आलं." तू मशीनवरून उतरून बाबांच्या डोक्याशी बसला होतास. तू मान वर करून म्हणालास, "दादूस, तू बसव बोल्लास." आठवतं? तेव्हा मी सगळ्यांसमोर तुझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "नाय रे. इंजिन चालू होतं. तुझी काय चूक नाय."

आणि तू माझं ऐकलंस. तू लहानपणापासून माझंच ऐकत आलास. मी बाराखडी शिकवली ती खरी, मी शिट्टी वाजवायला शिकवलं तशीच वाजवलीस, आणि मी सांगितलं की तुझ्या कानांनी चूक केली, तर तू आपले कान खोटे धरलेस.

बाबा तिसऱ्या दिवशी गेले. गावात सगळे म्हणाले, शिवदासचं मन मोठं, बाप गेला पण भावाला एक शब्द बोलला नाही. मी ते ऐकत राहिलो. तुला कुणी मशीनवर बोलावेना. योग्याला ऐकू येत नाय, असं पोरंसुद्धा बोलायची. मी त्यांना रागवायचो. वर्षभराने तू कृतिकाला घेऊन गेलास, तेव्हा तुझी ट्रंक एसटीच्या टपावर मीच चढवली.

मी तुझा संसार मोडला नाही, तुझी जमीन घेतली नाही. कुणी बोट ठेवील असं काहीच केलं नाही. एक अक्षर खाल्लं. आणि तेही तुझ्यावर माया दाखवत खाल्लं, हे मला जास्त लागतं.

काल आयेला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी सगळं बोलून होईपर्यंत तिचा हात थांबला नाही. संपल्यावर तिने खडा उचलून बाजूला ठेवला आणि विचारलं, "मंग त्याला कोनी सांगलं?"

मी म्हणालो, अजून कुणी नाही.

"तर मना कंला सांगतंस, त्याला सांग," म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. कालपासून ती मला वाढते, पण माझ्या ताटाकडे बघत नाही.

तुझे कान चांगले आहेत. तुझे कान तेव्हाही चांगले होते. तीन डॉक्टरांनी सांगितलं त्यावर तू विश्वास ठेवला नाहीस, कारण पहिल्यांदा मी सांगितलं होतं. म्हणून मीच सांगतोय.

क्षमा मागणार नाही. क्षमा मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर अजून एक ओझं टाकायचं नाही.

शिवदास


वरसावे
रविवार, १२ मार्च २००६

योगेंद्र,

आज देवळासमोर होळीची बैठक होती. परवा होळी. सगळे पुरुष जमले होते, झाड कुणाच्या वाडीतून आणायचं यावर नेहमीचा वाद चालला होता. तो संपल्यावर मी उभा राहिलो. पत्रात तुला सांगणं सोपं होतं, तू समोर नव्हतास. गावात तुझं नाव ज्या तोंडांनी गेलं, त्याच तोंडांसमोर सांगायला हवं होतं.

मी सांगितलं. फळी, ट्रकवाला, बसव, सगळं. वाक्य एकही गाळलं नाही.

 मला वाटलं, आता शिव्या पडतील. शिमग्याचे दिवस, शिव्या तयारच असतात. पडल्या असत्या तर बरं झालं असतं. दशरथ उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाला, "याला बोलतान भाव. एवऱ्या वर्सांनी बी भावाचा दोष आपल्या डोक्यावं घेतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारा तर डोळे पुसायला लागला. मी ओरडून सांगितलं, अरे मी खरं बोलतोय, मीच बोललो होतो. तर दशरथ म्हणतो, "रंव दे मास्तर, आमाला कल्तंय." कुणीतरी मला पाणी आणून दिलं. देवाच्या पायरीवर बसवलं. मग झाड कुणाच्या वाडीतून आणायचं, यावर पुन्हा वाद सुरू झाला.

माझं खोटं मी इतकं घट्ट बसवलं होतं, योगेंद्र, की आता मला स्वतःलाही ते उचकटून काढता येत नाही. गावाने तुला दोषी धरलं तेव्हा मी मोठा झालो. आज मी दोष घेतला, तर आणखी मोठा झालो. तुझ्या वाट्याला दोन्ही वेळा तेच आलं.

घरी येऊन आयेला सांगितलं. ती म्हणाली, "आता तू कायव बोल, लोकं तेच आयकतील." आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या ताटाकडे बघून भाकरी वाढली. तिला माझी दया आली असावी. मला ती भाकरी गिळवेना.

तुझं नाव गावात मी धुऊन काढू शकलो नाही, हे तुला कळवायला हवं म्हणून लिहिलं.

ओहळाचं काम अजून झालेलं नाही. मशीन तयार आहे, ताजं ग्रीस मारून ठेवलंय. पण वर राघो बसले आणि मी खाली उभा राहिलो की माझ्या तोंडून काही फुटत नाही, आणि बटण दाबायला बोट उचलत नाही. मी वर बसलो की तेच, पाय दिसत नाही म्हणून हात गारठतो. राघो म्हणतात, मास्तर, एप्रिल तोंडावर आला, नंतर चिखलात हिला बाहेर काढणं कठीण.

शिवदास


वरसावे
रविवार, २३ एप्रिल २००६

योगेंद्र,

तू घरी पोचला असशील.

मी हॉर्न आणायला केबिन रोडला गेलो होतो. जुन्या हॉर्नची वायर पुन्हा उंदरांनी कुरतडली होती आणि हॉर्नशिवाय मशीन हलवायचं नाही, हा माझा हट्ट. दुकान उघडायला अकरा वाजले, परत येताना काशिमिऱ्याला सगळं तुंबलेलं. घरी पोचायला अडीच झाले. बोळात शिरलो तर ओल्या मातीचा वास. परसात गेलो, तर ओहळ खोदून तयार होता. सरळ, दोन्ही काठ तासलेले, चिंचेपासून खाडीपर्यंत. भरतीचं थोडं पाणी त्यात आलं होतं आणि एक निवटी चिखलावर बसली होती.

मला कुणी सांगायच्या आधी कळलं. असे काठ फक्त तू तासतोस.

मनोरमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मीच कळवलं त्याला. तुम्ही आज सकाळी घरी नसणार म्हणून."  तू मला टाळून यायचं ठरवलंस आणि तिने तुला साथ दिली. दोघांचंही बरोबर आहे.

राघोंना मी सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. ते कंटाळले असतील, पण सांगत राहिले. तू नऊला आलास. आधी मशीनभोवती एक फेरी मारलीस, उलटी लावलेली चाकं बघून हसलास. पत्र्याचे बिल्ले हाताने पुसून बघितलेस. राघो म्हणाले, हॉर्न नाहीये, मास्तर आणायला गेलेत, थांबू या. तू म्हणालास, "हॉर्न कशाला, तुम्ही बोला की." आणि चढलास.

राघो खाली उभे राहिले, चिंचेच्या मुळापाशी. मी विचारलं, ऐकू गेलं का त्याला? ते माझ्याकडे विचित्र बघायला लागले. म्हणाले, "पहिल्या शब्दाला हात थांबतोय त्याचा. चार तासांत एकदाही दोनदा बोलावं लागलं नाही."

मी तिथून उठून संडासाकडे गेलो. पुरुषमाणसाने कुठे रडायचं, याची आपल्या घरात दुसरी सोय नाही.

दुपारी ते म्हणाले होते, थांब, मास्तर येतीलच. तू म्हणालास, दोनची गाडी आहे. राघो म्हणतात, जाताना तू त्या मुळाकडे दोनदा वळून बघितलंस. ते मला बरं वाटावं म्हणून सांगत असतील. विचारणार नाही.

तांबडी तू चिंचेखाली नाही, ओहळाच्या तोंडाशी उभी करून गेलास. पाय खाली बसवलेले, दोन्ही पायांखाली फळ्या. डाव्याखालची फळी मी वाकून बघितली. सरळ होती.

मग मी आयेकडे गेलो. ती ओटीवर बसली होती आणि तिच्या पुढ्यात तुझं ताट तसंच होतं, धुतलं नव्हतं. सुक्या बोंबलाची चटणी संपवलेली दिसली. मी खाली बसलो. विचारलं, माझ्यासाठी काही बोलला?

आये म्हणाली, "बोलला. दादूसला सांग, मी बरोबर आयकलेलं."

मी विचारलं, अजून?

"न्हाय. तेवरंच."

 तुझं खरं आहे. याच्यापुढे तुझ्याकडे मला द्यायला काही नाही, आणि मी मागितलं तर तो पुन्हा माझाच लोभ. हॉर्नची पिशवी अजून माझ्या हातात होती, ती बाजूला ठेवली. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, घाईतच जेवला असेल ना, उभ्या उभ्या?

"कंला उभ्या उभ्या," आये म्हणाली. "मी बस बोलली. तो बसला."

शिवदास